दसऱ्याआधी गाडी धुताय? घरातलं काय चालतं, काय चालत नाही

सह्यवाट, पुणे

पाऊस परतीला लागला, खंडेनवमी तोंडावर आली. आमच्या सोसायटीत गाड्या ओळीने चिखलात माखून उभ्या आहेत आणि रविवारी सगळे एकदम बादल्या घेऊन खाली उतरणार हे ठरलेलं. म्हणून धागा आत्ताच काढतोय. गाडी धुवायला दरवेळी महागडी बाटली लागत नाही. स्वयंपाकघरात आणि मोरीत असतं त्यातलं बरंच काही उत्तम चालतं. काही गोष्टी मात्र रंगाची वाट लावतात, आणि नेमक्या त्याच सर्रास वापरल्या जातात.

माझं आग्रहाचं सांगणं एकच: गाडीला हात लावण्याआधी पाणी लावा. उन्हात बॉनेटवर जे गोल गोल बारीक चरे दिसतात ते साबणामुळे पडत नाहीत, धुळीमुळे पडतात. धुळीत वाळूचे कण असतात. रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. कोरडं फडकं फिरवलं की ते कण त्या थरावर घासत जातात. त्यामुळे आधी दोन-तीन तांबे पाणी टपावरून सोडायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा सोडायचं. चिखल वाळून कडक झाला असेल तर जुनी चादर भिजवून त्यावर टाकून ठेवायची. माती आपसूक सुटते.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पूची एखादी पुडी, दुसरीत साधं पाणी. फडकं साबणाच्या बादलीत बुडवण्याआधी दरवेळी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं. साध्या पाण्याच्या बादलीचा तळ नंतर बघा, किती माती बसलेली असते ते. टपापासून सुरुवात करून खाली यायचं. चाकं आणि दाराच्या खालच्या पट्ट्या सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने. कपड्यांची पावडर अजिबात नको. ती पुरती विरघळत नाही, तिचे दाणे घासतात, शिवाय ती तीव्र असते. भांड्यांचा लिक्विड साबण रंगावरचं मेण धुऊन काढतो, त्यामुळे तो फक्त चाकांना आणि पायपुसण्यांना.

पुसायला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पंचा. काठ कापून टाका, काठाचा धागा कडक असतो.

आता तुमच्या युक्त्या येऊ द्या. विशेषतः बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, आतला कुबट वास आणि पिवळे पडलेले हेडलाइट यांवर.


इंद्रायणीकाठ

छान धागा. बोअरच्या पाण्याच्या डागांना आमच्याकडे व्हिनेगर. जितकं व्हिनेगर तितकंच पाणी, त्यात फडकं भिजवून डागावर मिनिटभर धरायचं, हलक्या हाताने पुसायचं आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. काचेवर तर फारच सुंदर चालतं. व्हिनेगर नसेल तर लिंबू पिळून पाणी, पण बिया आणि चोथा गाळून घ्या.

गाडी सावलीत आणि पत्रा थंड असतानाच हे करायचं. तापलेल्या बॉनेटवर पाणी लगेच उडून जातं आणि आम्ल तिथेच राहतं.


बाष्प, नाशिक

इंद्रायणीकाठ, पद्धत अगदी बरोबर. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर घालते. ते पांढरे डाग मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, ते आम्लात विरघळतात, बुडबुडे येऊन सुटतात. पण एक लक्षात ठेवा. पार्किंगमध्ये शहाबादी फरशी असेल तर तीही चुनखडीचीच. व्हिनेगरचे ओघळ तिच्यावर पडले की तिथली झिलई जाते. खाली जुनं पोतं अंथरा किंवा फरशी आधी चांगली ओली करून घ्या.

दसऱ्याचा विषय निघालाच आहे तर पूजेनंतरच्या डागांबद्दल. पांढऱ्या गाडीवर हळदीचा डाग पडला की पहिला हात साबणाकडे जातो, आणि डाग पिवळ्याचा लालसर होतो. घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन आम्लारीत लाल होतं, शाळेत हळदीचा कागद करून हा प्रयोग आपण सगळ्यांनीच केला आहे. साबण धुऊन टाका, रंग परत पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा उन्हानेच जातो, कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. गाडी दोन-चार दिवस उन्हात उभी राहिली की डाग फिका पडतो. घासून तो काढायला जाऊ नका.

कुंकवाचं वेगळं. हल्लीच्या बऱ्याच कुंकवांत कृत्रिम रंग असतात आणि ओल्या बोटाने लावलं की ते धरून बसतात. पूजा झाली, आरती झाली की त्याच संध्याकाळी पाण्याने सोडवा, रात्रभर ठेवू नका. त्याहून सोपं म्हणजे स्वस्तिक रंगावर न काढता काचेच्या कोपऱ्यात काढावं. काचेवरून काहीही निघतं.


लातूरची_वाट

वरच्या पद्धती चांगल्याच आहेत, पण दोन बादल्या म्हणजे आमच्याकडे कधीकधी घरातल्या एका माणसाचं दिवसाचं पाणी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते दिवस ज्यांनी बघितले त्यांच्या हाताला नळी धरून गाडी धुणं आजही जमत नाही. नळी सोडून धुतलं की शे-दोनशे लिटर कधी गेलं कळतही नाही.

आमची पद्धत सांगतो. धूळ असेल, चिखल नसेल, तरच ही वापरा. घरातली फवारणीची बाटली घ्या, लिटरभर पाण्यात शाम्पूचे आठ-दहा थेंब. गाडीचा एकच भाग घ्यायचा, समजा एक दार. चिंब होईल असं फवारायचं आणि मिनिटभर थांबायचं, म्हणजे धूळ फुगून वर येते. फडक्याची चौपदरी घडी करायची. एका बाजूने एकदाच, एकाच दिशेने, वजन न देता ओढायचं. मागे-पुढे घासायचं नाही. बाजू मळली की घडी उलटायची. अशा घडीच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात, दीड-दोन दारं सहज होतात. पाच-सहा फडकी तयार ठेवली की सगळी गाडी अर्ध्या बादलीच्या आत होते, फडकी धुवायचं पाणी धरून.

अजून एक. एसीच्या नळीतून थेंब थेंब पडणारं पाणी डब्यात साठवा. ते हवेतल्या वाफेचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. काचा आणि टप शेवटी त्याने पुसले तर पांढरे डाग पडतच नाहीत. फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र उलट, त्यात क्षार जास्त. ते चाकांना, मडगार्डच्या आत आणि पायपुसण्यांना वापरा.


सह्यवाट, पुणे

लातूरची_वाट, तुमचा प्रतिसाद वाचून हा धागा काढल्याचं समाधान वाटलं. एसीच्या पाण्याचा डबा आजच लावतो.


जांभ्याची_वाट, रत्नागिरी

आमच्याकडच्या गाडीची दुखणी जरा वेगळी. लाल माती, खारा वारा, झाडाखालचं पार्किंग.

लाल माती रंगावर असेल तर वर लिहिलंय तसं पाणी. पण तीच माती सीटच्या कापडावर आली असेल तर पाणी लावू नका, उलट पूर्ण वाळू द्या. ओली माती चोळली की तिच्यातला लोहाचा गेरवा कापडात मुरतो. वाळली की मऊ ब्रशने झाडायची, जमलं तर व्हॅक्यूमने ओढायची आणि उरलेल्या डागालाच काय तो ओला हात. दारांच्या रबरी पट्ट्यांत आणि डिकीच्या कडेला ही माती बसून राहते. तिथे जुना टूथब्रश. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी आत साठतं आणि दार आतून गंजतं. बांबूची बारीक काडी घालून ती मोकळी करा. हे काम कोणी करत नाही आणि दारं मात्र खालूनच सडतात.

झाडाचा चीक. फणस कापताना आपण हाताला तेल लावतो ना, तोच न्याय इथे. चीक आणि डिंक पाण्याला दाद देत नाहीत, तेलाला देतात. डागावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवायचं, कापसाने हलकेच फिरवत उचलायचं आणि नंतर शाम्पूच्या पाण्याने तेल काढायचं. रस्त्याच्या नव्या डांबराचे काळे ठिपकेही असेच निघतात. रॉकेलने लवकर निघतात, पण ते रंगावर जास्त वेळ राहू देऊ नये.

आंब्याला मोहोर आला की झाडाखालची गाडी सगळी चिकचिकीत होते. तो मोहोराचा रस नसतो, मोहोरावरच्या तुडतुड्यांचा गोड स्राव असतो. साखरच ती, त्यामुळे कोमट पाण्याने सहज जाते. ठेवलीत तर तिच्यावर काळी बुरशी चढते.

आणि आतली बुरशी. चार दिवस गाडी बंद राहिली की स्टीअरिंगवर, पट्ट्यांवर, सीटच्या शिवणीत पांढरी-हिरवट बुरशी धरते. कोरड्या फडक्याने झटकू नका, ती हवेत उडून आणखी पसरते आणि नाकात जाते. तोंडाला रुमाल बांधा, सगळी दारं उघडा, व्हिनेगर-पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने टिपून घ्या, फडकं वरचेवर बदला आणि ऊन पडलं की गाडी उघडून वाळवा. पावसाळाभर उघड्या वाडग्यात खडे मीठ भरून सीटखाली ठेवा. पाणी सुटलं की मीठ बदला. वाडगं पत्र्यावर सांडू देऊ नका एवढंच.


कैरीपन्हं

मदत हवी आहे. गावाहून येताना दुधाची किटली मागच्या सीटवर कलंडली. पुसलं, अत्तर मारलं, डांबरगोळ्या ठेवल्या, तरी गाडी उन्हात उभी राहिली की उभं राहवत नाही असा वास येतो. घरात तान्हं बाळ आहे, त्याला घेऊन बसायचं कसं?


बाष्प, नाशिक

ताई, आधी त्या डांबरगोळ्या बाहेर काढा. नॅफ्थलिनची वाफ बंद गाडीत साठते, बाळांना ती अपायकारक आहे. काही बाळांच्या रक्तात एका विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात. तान्ह्याच्या आसपास डांबरगोळी नकोच.

आता सीट. दुधावर गरम पाणी घालायचं नाही. गरम पाण्याने प्रथिनं घट्ट होऊन धाग्याला धरतात. गार पाण्यात थोडा लिक्विड साबण, स्पंज पिळून घेऊन डागाच्या बाहेरून आत असं टिपत या. चोळू नका, चोळलं की ते फोममध्ये खोल जातं. मग साध्या गार पाण्याने तसंच टिपा आणि सुक्या टॉवेलवर गुडघ्याचा भार देऊन पाणी ओढून घ्या. वाळलं की खायचा सोडा हाताने सढळ पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमने ओढा. वासाला कारणीभूत असतात ती दूध आंबून तयार झालेली आम्लं, सोडा त्यांना मारतो. एका फेरीत जाणार नाही, दोन-तीन वेळा करा. दूध सीटच्या खाली गालिच्यापर्यंत गेलं असेल तर सीट सोडवून खालचंही हेच करावं लागेल. वरून कितीही अत्तर मारलं तरी खालचं दूध आंबतच राहतं.


जांभ्याची_वाट, रत्नागिरी

आणि कैरीपन्हं ताई, वाळवताना पंखा लावा. उन्हात उभी करायची तर काचा थोड्या खाली ठेवून. बंद गाडीत ओली सीट वाळत नाही, तिला बुरशी धरते.


दहाचाकी

नमस्कार मंडळी. आमचा ट्रकचा धंदा, वडिलांपासून. तुमच्या छोट्या गाड्यांचं वाचून मजा आली, आता आमचं ऐका.

हौदा. लासलगावहून कांदा नेला आणि परतीला धान्य भरायचं असेल तर कांद्याचा वास आणि सालं राहून चालत नाही, व्यापारी माल नाकारतो. आधी फाळका पाडून कोरडा खराटा, फटींतली सालं लोखंडी सळीने. मग पाणी मारून उतारावर गाडी उभी करायची, तोंड वर, म्हणजे पाणी मागे निघून जातं. ताडपत्री वेगळी पसरून दोन्ही बाजूंनी ऊन. ओली घडी घातली की ती कुजते आणि पुढच्या मालाला तिचा वास लागतो.

मासळीचा टेम्पो तर वेगळीच गोष्ट. मिरकरवाड्याहून बर्फात मासळी भरली की खारं पाणी प्रत्येक सांध्यात जातं. आमचे लोक चिंच कोळून त्या पाण्याने तळ घासतात, मग साबण, मग भरपूर गोडं पाणी. चिंचेनं वास जातो हे वडील सांगायचे, कारण मला माहीत नाही. पण वासापेक्षा मीठ वाईट. गोड्या पाण्यात कंजुषी केली की तळाला गंज लागलाच.

पुढची काच. पावसात वायपर बंद पडला तर जुने ड्रायव्हर तंबाखू ओली करून काचेवर चोळतात, नाहीतर कापलेला बटाटा. पाणी थेंब धरून बसत नाही, सरळ पसरून वाहतं. पुढच्या गावापर्यंत गाडी नेण्यापुरतं ठीक. रोजचा उपाय म्हणजे काचेवरचा तेलकट थर काढणं. समोरच्या गाड्यांचा धूर आणि डिझेल बसून तो होतो, रात्री समोरून दिवे आले की काच पांढरी होते ती त्यानेच. व्हिनेगर-पाण्यात वर्तमानपत्राचा बोळा भिजवून काच आतून-बाहेरून पुसा, आणि वायपरच्या रबराची कडही पुसा. त्यावर काळी घाण निघेल.

खालून डिझेल मारायची सवय सोडा. वॉशिंग सेंटरला विचारतात, मारू का म्हणून. पत्रा दोन दिवस चमकतो, पण खालचे रबरी बुश डिझेलने फुगतात आणि मऊ पडतात. शिवाय तेलावर धूळ आणखी चिकटते. नुसतं पाणी जोरात, बास.

बॅटरी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी येते ना, त्यावर खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या ब्रशने लावा, फसफसून सुटते. इंजिन बंद, आधी वजाची वायर काढायची, मग अधिकची. जोडताना उलट, वजाची शेवटी. बॅटरीची झाकणं घट्ट बघा, सोड्याचा एक थेंब आत जाता कामा नये. धुऊन वाळलं की पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस चोपडा. हातमोजे घाला, ती भुकटी कातडीला आणि डोळ्याला वाईट.


बाष्प, नाशिक

दहाचाकी दादा, वडील अगदी योग्य सांगायचे. मासळीचा वास अमाइन नावाच्या संयुगांचा, ती आम्लारिधर्मी. चिंचेतलं टार्टारिक आम्ल त्यांना बांधून घेतं, मग ती हवेत उडत नाहीत आणि वास येत नाही. मासे धुताना आपण लिंबू-चिंच लावतो त्याचं कारणही हेच.


मेपलची_सावली, टोरांटो

इकडे चिखलापेक्षा रस्त्यावरच्या मिठाचा त्रास. बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर मीठ टाकतात. बुटांबरोबर ते आत येतं आणि गालिच्यावर पांढरे नकाशे उठतात. अर्धं व्हिनेगर, अर्धं कोमट पाणी फवारून टॉवेलने दाबून टिपलं की जातात, नुसतं घासून जात नाहीत. आणि थंडी शून्याच्या वर येईल त्या दिवशी गाडीचं पोट पाण्याने धुवायचंच. समुद्राकाठच्या मंडळींनाही हे लागू पडेल. मुरूड, गणपतीपुळे, तारकर्ली इथून आल्यावर लोक वरून गाडी धुतात आणि खालची वाळू-मीठ तसंच राहतं.


एक्स्प्रेसवेवाला

समृद्धीवरून रात्री आलं की बंपरवर आणि काचेवर किडे थापलेले असतात. वर्तमानपत्र चिंब भिजवून दहा मिनिटं चिकटवून ठेवा, मग पाणी सोडा. नखाने किंवा भांड्यांच्या घासणीने खरवडू नका. पक्ष्याच्या शिटेलाही हेच, फक्त ती दिसल्या दिसल्या काढा. तिच्यातलं युरिक आम्ल उन्हात रंगात उतरतं, मग पॉलिशनेही पूर्ण जात नाही.

पिवळ्या हेडलाइटवर मी टूथपेस्ट लावतो. पांढरी साधी, जेलवाली नाही. झकास चकाकतात.


सह्यवाट, पुणे

एक्स्प्रेसवेवाला, किड्यांची युक्ती घेतली. टूथपेस्टबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. चकाकतात हे खरं, कारण पेस्टमधली बारीक भुकटी वरचा खराब झालेला थर घासून काढते. पण त्या थराबरोबर कंपनीने दिलेलं उन्हापासूनचं संरक्षणही जातं. आतलं पॉलिकार्बोनेट उघडं पडलं की काही महिन्यांत ते पुन्हा पिवळं होतं, आणि आधीपेक्षा लवकर. लावायचीच तर आजूबाजूच्या रंगाला कागदी टेप चिकटवून लावा आणि नंतर त्यावर संरक्षक लेप द्या. रात्रीच्या घाटात प्रकाश कमी पडतोय अशी स्थिती असेल तर टूथपेस्टवर भागवू नका, दिवे नीट करून घ्या.


एक्स्प्रेसवेवाला

पटलं. लेपाचं माहीत नव्हतं. टेप लावूनच करतो मीही.


शेजारचा_जिना, ठाणे

एका गोष्टीवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्यातले बहुतेक जण गाडी स्वतः धुतच नाहीत, सकाळी येणारे दादा पुसतात. एका बादलीत आणि एका फडक्यात पंधरा-वीस गाड्या. शेवटच्या गाडीवर पहिल्या चौदा गाड्यांची वाळू फिरते. त्यात त्यांचा काही दोष नाही. पाण्याचा नळ एकच, वेळ थोडा, महिन्याचे पैसे तुटपुंजे.

आम्ही आमच्या मजल्यावरच्यांनी मिळून त्यांना फडक्यांचा गठ्ठा आणून दिला, प्रत्येक गाडीची दोन फडकी तिच्याच डिकीत राहतात. पैसे वाढवले आणि सांगितलं की रोज पुसू नका, आठवड्यातून तीनदा पुसा, पण आधी पाणी मारून. त्यांचा वेळ वाचला, त्यांचे हातही सारखे साबणाच्या पाण्यात राहत नाहीत. सणाच्या आधी जमलं तर रबरी हातमोज्यांची एक जोडी त्यांना नक्की द्या.


लातूरची_वाट

शेजारचा_जिना, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्या कॉलनीत हेच सुचवतो.


कैरीपन्हं

बाष्प ताई, सोड्याची दुसरी फेरी झाली. वास खूपच कमी आहे, फक्त सीटबेल्टच्या खाचेजवळ येतोय. तिथे हात पोचत नाही.


बाष्प, नाशिक

पट्टा पूर्ण बाहेर ओढा आणि वर चिमटा लावून अडकवून ठेवा, म्हणजे तो आत जाणार नाही. दूध पट्ट्यालाच लागलेलं असणार. गार साबणाच्या पाण्याने पट्टा लांबीच्या दिशेने पुसा, साध्या पाण्याने पुन्हा पुसा, आणि पूर्ण वाळेपर्यंत चिमटा काढू नका. पट्ट्याला व्हिनेगर किंवा ब्लीच लावायचं नाही, त्याचे धागे कमजोर होतात. खाचेत पेन्सिलीला फडकं गुंडाळून फिरवा.